एक नळी, दोन स्टॉक

नणंदेचा मला हेवा वाटतो, हे मी आमच्या घरात कुणालाही सांगितलेलं नाही. सगळ्यांना माहीत आहे, ती गोष्ट वेगळी. हेवा काही झाकून राहत नाही. भाजीत मीठ जास्त पडतं, कपाटाचं दार जरा जोरात लागतं, आणि ‘छान झालं हं’ म्हणताना आवाज एक पट्टी वर चढतो. माझा आवाज गेली दोन वर्षं वरच्या पट्टीतच आहे.

कारण साडी नाही, सोनं नाही, नवरा तिचे लाड करतो हेही नाही. लाड करू देत, तिचा भाऊ आहे. कारण रायफल आहे, आणि तीही माझी.

कॉलेजात एनसीसीत असताना बंदूक पहिल्यांदा माझ्या हातात आली आणि तेव्हाच मला कळलं, की माझ्यासारख्या फटकळ बाईला गप्प बसवणारी जगात ही एकच वस्तू आहे. नोकरी लागल्यावर पहिल्या बोनसातून मी एका जुन्या नेमबाजाची वापरलेली एअर रायफल घेतली. दहा मीटरवर कागदाचं टार्गेट, मधोमध टिंबाएवढा दहाचा ठिपका, आणि तिथे छर्रा लावायचा. लोकांना वाटतं, त्यात काय मोठंसं. त्यांनी एकदा उभं राहून बघावं. स्वतःच्या छातीचे ठोके नळीच्या टोकाला दिसायला लागतात.

लग्न होऊन संत तुकाराम नगरात आले तेव्हा कपाट, मिक्सर आणि ती लांबडी पेटी असं माझं सामान होतं. सासूबाईंनी पेटी उघडून पाहिली आणि म्हणाल्या, “हे कशाला गं? इथं काय वाघ येतात का?” पण ठेवू दिली. कपाटाच्या वर, पाहुण्यांच्या गाद्यांशेजारी.

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीत आहे. गाड्यांचे सुटे भाग मोजते, त्यांची ड्रॉइंग तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्यावर लाल शाईने गोल काढायचा, याचा मला पगार मिळतो. स्वभावाला साजेसं काम मिळायला नशीब लागतं.

नणंद माझ्याहून बरीच लहान. पिंपरीत महापालिकेच्या मोठ्या दवाखान्यात लॅबमध्ये आहे, पेशंटचं रक्त काढते. बोलायला गोड, चालायला हळू, आणि कुणी काही म्हटलं तरी ‘चालेल की’ म्हणणारी. अशा माणसांचा मला आधीपासूनच राग आहे. त्यांच्याशी भांडायचं कसं?

एका सुट्टीच्या दिवशी घरी कंटाळा आला म्हणून ती माझ्याबरोबर रेंजवर आली. प्राधिकरणात एका शाळेच्या तळमजल्यावर आमच्या क्लबची रेंज आहे. निगडीच्या स्टँडवर उतरून आम्ही चालत गेलो, वाटेत मी तिला नेमबाजीवर मोठं व्याख्यान दिलं, आणि तिथे पोचल्यावर मीच हौसेनं रायफल तिच्या हातात ठेवली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण इथे बीळ मीच खणून, झाडून, नागोबाला ‘या बसा’ म्हटलं होतं.

पहिले काही छर्रे टार्गेटच्या बाहेर गेले. मी समजूतदारपणे हसले. मग तिनं एक डोळा मिटला, श्वास सोडला, आणि पुढचे सगळे छर्रे एका बाजूला, पण एकमेकांना चिकटून लागले. नेमबाजीत हेच सगळं असतं. छर्रे कुठे लागतात ते नंतर सरकवता येतं, पण ते एका जागी लागले पाहिजेत. मला तिथवर यायला कॉलेजची सगळी वर्षं लागली होती.

आमचे सर, म्हणजे क्लबचे कोच, चहाचा कप घेऊन मागे उभे होते. त्यांनी कप खाली ठेवला. तिला दोन्ही हात पुढे करून तळव्यांचा छोटा झरोका करायला सांगितला, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघ म्हणाले, मग आळीपाळीने एकेक डोळा मीट म्हणाले. प्रत्येकाचा एक डोळा मुख्य असतो आणि नेम त्याच्यावर चालतो. तिचा डावा निघाला. ती उजव्या खांद्यावर, उजव्या डोळ्यानं मारत होती, म्हणजे आपल्या कच्च्या डोळ्यानं.

“हिला डावी रायफल मिळाली ना,” सर म्हणाले, “तर ही पोरगी कुठच्या कुठे जाईल.”

मला त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं. मला ते म्हणायचे, “तुमची मेहनत चांगली आहे.”

इथे रायफलची थोडी ओळख करून द्यायला हवी. रायफल म्हणजे दोन गोष्टी. एक नळी, तिच्या बुडाशी ट्रिगर. आणि दुसरा स्टॉक, ज्यात नळी दोन स्क्रूंनी बसते, जो आपण खांद्याला लावतो, ज्यावर गाल टेकतो, ज्याची मूठ धरतो. नळीला डावं-उजवं नसतं, छर्रा भरायचा खटकासुद्धा कुठल्याही बाजूला बसवता येतो. डावं-उजवं असतं ते स्टॉकला. गाल कुठल्या बाजूनं टेकणार, पंजा कुठल्या बाजूनं येणार, ते त्यात कोरलेलं असतं. नळी सगळ्यांची, पण स्टॉक एकाचाच, असं सर नेहमी म्हणतात. माझा स्टॉक लाकडी होता, जुना आणि उजवा. त्यावर नणंद डाव्या डोळ्यापुढे पुठ्ठ्याची झापड लावून मारायची. बैलाला लावतात तशी, असं मी एकदा म्हटलं. सगळे हसले. तीही हसली. ‘चालेल की.’

झापड लावूनही ती सहा महिन्यांत माझ्या जवळपास आली. क्लबात आठवड्याचे स्कोअर फळ्यावर लिहितात. मी फळ्याकडे न बघता आत जायला शिकले, आणि बाहेर पडताना मात्र बघितल्याशिवाय राहवायचं नाही. घरी आल्यावर ती विचारायची, “वहिनी, आज तुझं कसं झालं?” मनापासून विचारायची. मला वाटायचं, हिला एकदा तरी तोंडदेखलं विचारता येऊ नये का?

हिवाळ्यात स्टॉक तडकला. मागच्या स्क्रूच्या भोकापासून मुठीपर्यंत भेग गेली. चिकटवून पाहिला, पण दर दहा-पंधरा छर्ऱ्यांनी नेम इकडचा तिकडे व्हायला लागला. नवा स्टॉक घेणं आलं. पुढे विभागाची स्पर्धा होती, तिथून राज्याला निवड व्हायची, आणि घरात रायफल एकच. दोघींचा गट एकच, महिलांचा. मधल्या वेळात स्टॉक बदलायचा, नेम पुन्हा लावायचा, हे तिथे शक्य नव्हतं. ज्या खांद्याचा स्टॉक, तिचीच स्पर्धा, हे घरात सगळ्यांना न बोलता समजलं होतं.

नवऱ्याचं मत पडलं, “बाहेरून ॲल्युमिनियमचा मागवा. त्यात सगळं पुढेमागे, वरखाली होतं म्हणतात. मूठ बदलली की डावा, बदलली की उजवा. दोघींना चालेल.”

तो बरोबर होता. तसे स्टॉक मिळतात. मी त्यांचे फोटो रात्र रात्र बघितलेही होते. पण मी पोळीचा तुकडा मोडत म्हटलं, “जे हलतं ते ढिलं होतं. आमच्याकडे मशीनवर बघ. पहिल्या शिफ्टचा माणूस सेटिंग करून जातो, दुसऱ्या शिफ्टचा येऊन आपल्या हिशेबानं फिरवतो, आणि सकाळी पहिला पीस रिजेक्ट. मग दोघं एकमेकांच्या नावानं ओरडतात. एका मशीनला एकच माणूस असावा.”

युक्तिवाद बिनतोड होता. खोटा नव्हता, एवढंच त्याच्याबद्दल म्हणता येईल. खरी गोष्ट अशी, की मला एक असा स्टॉक हवा होता ज्यावर जगात फक्त माझा गाल बसेल. घट्ट, न हलणारा, एकाच ॲल्युमिनियमच्या प्लेटमधून काढलेला, आणि तिच्या तोंडाला कधीही न लागणारा.

“चालेल की,” नणंद म्हणाली. “तुझ्या मापाचा कर वहिनी. मी क्लबची रायफल वापरेन.”

क्लबच्या रायफलीनं कावळासुद्धा उडत नाही हे तिला माहीत होतं. मला वाटलं, आता तरी एक उसासा टाकेल. तिनं आमटी वाढून घेतली.

मापं घ्यायला तीच मदतीला आली. मी आतल्या खोलीत मोडका स्टॉक खांद्याला लावून उभी राहिले, आणि ती व्हर्नियर घेऊन माझ्या गालाच्या हाडापासून नळीपर्यंतचं अंतर घेत होती. तिची बोटं थंड आणि अजिबात न हलणारी. माझ्या जबड्यावर तिनं काजळाच्या पेन्सिलीनं एक रेघ ओढली, मग मागे सरून बघितली. “तू मान जरा ताठ ठेवतेस,” ती म्हणाली. “स्टॉक तुझ्याकडे यायला हवा, तू स्टॉककडे जाऊ नकोस.” बरोबर होतं. सरही हेच सांगायचे. पण तिनं सांगितल्यावर मला ते व्हर्नियर हिसकावून घ्यावंसं वाटलं.

ड्रॉइंग मी कंपनीत जेवणाच्या सुट्टीत काढलं. फार सुंदर काढलं. समोरून, वरून, बाजूने, सगळी मापं, सगळ्या गोलाया. काढताना मला मजा वाटत होती, आणि ती मजा चांगल्या जातीची नव्हती हे मला तेव्हाही कळत होतं.

ते घेऊन भोसरीला चाचांकडे गेले. चाचा म्हणजे एमआयडीसीच्या आतल्या गल्लीत दोन मशीनची शेड चालवणारे गृहस्थ, मूळचे लातूरकडचे. पूर्वी ते आमच्या कंपनीला सामान पुरवायचे तेव्हा त्यांचा माल मी अनेकदा परत पाठवला होता. राग धरला नव्हता त्यांनी, पण मला ‘लाल शाईवाल्या मॅडम’ म्हणायचे. त्यांनी ड्रॉइंग पाहिलं, कौतुकानं मान हलवली. “ह्ये काय, बंदुकीचं?” म्हणाले. मी सांगितलं, छर्ऱ्याची, खेळाची. “मग करतो की. तुमचं काम म्हणल्यावर चूक करून चालंल का?”

पंधरवड्यानं त्यांचा फोन आला. मी शिफ्ट संपवून कंपनीच्या बसनं भोसरीला उतरले आणि रिक्षानं थेट शेडवर. टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता. कागद काढला आणि आधी ओढणीला हात पुसले. इतका देखणा. कडा मऊ केलेल्या, कुठे चरा नाही, हातात घेतला तर थंडगार आणि तोललेला. मी तो खांद्याला लावला, गाल टेकवला, आणि गाल हवेत गेला.

गालाची बैठक पलीकडच्या बाजूला होती. मुठीचा फुगवटाही पलीकडे. मी स्टॉक फिरवला, पुन्हा लावला. आरशात बघावं तसा होता. प्रत्येक माप बरोबर, आणि सगळा स्टॉक डावा.

“चाचा, हा उलटा झालाय.”

“न्हाई मॅडम. ड्रॉइंगात जसं हाय तसंच हाय.” त्यांनी ड्रॉइंग पसरलं. आम्ही दोघं त्यावर वाकलो.

ज्यांना ड्रॉइंग माहीत नाही त्यांना सांगते. एखादी वस्तू कागदावर काढताना समोरचं चित्र मधे काढतात आणि बाजूनं दिसणारं चित्र शेजारी. आता उजव्या बाजूनं जे दिसतं, ते उजवीकडे काढायचं की डावीकडे, याच्या दोन रीती आहेत. आमच्या कंपनीत एक चालते, चाचांच्या मोठ्या गिऱ्हाइकाकडे दुसरी. म्हणून प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक छोटीशी खूण काढतात, कुठल्या रीतीनं वाचायचं ते सांगणारी. खूण नसली आणि वाचणाऱ्यानं आपल्या सवयीनं वाचलं, की उजव्याचं डावं होतं. ही खूण नसलेली ड्रॉइंग मी वर्षानुवर्षं लाल गोल मारून परत पाठवत आले आहे. नव्या पोरांना मी याच्यावरून रडवलंय.

माझ्या ड्रॉइंगवर खूण नव्हती.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. चाचांनी कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं, आणि मोठ्या मनानं ते बोट उचललं. मग म्हणाले, “दुसरा करून देतो मॅडम. पर आता मशीनवर कंपनीचा माल लागलाय. महिनाभर तरी लागंल.”

रिक्षात तो स्टॉक मांडीवर घेऊन बसले होते तेव्हा माझ्या मनात एकच विचार होता, की हा घरी न्यायचाच नाही. नदीत टाकावा. कुणाला तरी द्यावा. डावा स्टॉक, आणि आमच्या घरात डाव्या डोळ्याचं माणूस एकच. मी तिला वगळायला म्हणून जी वस्तू इतकं मन लावून काढली, ती जन्माला आली ती तिचीच होऊन. कुणाला सांगितलं असतं तर म्हणाले असते, तुझ्याच मनात असेल ते. नव्हतं. माझ्या मनात नेमकं उलटं होतं.

घरी गेले तर ती नुकतीच ड्युटीवरून आली होती. नवऱ्यानं कागद उलगडला, “वा!” म्हणाला. मी काय झालं ते सांगितलं. कुणी हसलं नाही, हसले असते तर बरं वाटलं असतं. नणंदेनं स्टॉक उचलला. आधी उजव्या खांद्याकडे नेला, सवयीनं, मग थांबली, आणि हळूच डाव्या खांद्याला लावून गाल टेकवला. डोळा मिटून राहिली. माझ्या गालाचं माप तिला थोडं कमी पडत होतं, तर दवाखान्यातली चिकटपट्टी आणून तिनं बैठकीवर दोन घड्या चिकटवल्या. आणि पुन्हा गाल टेकवला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तिच्या चेहऱ्यावर आधी कधी पाहिलं नव्हतं. भुकेल्या माणसाच्या पानात वाढल्यावर येतं तसं काहीतरी.

मग तिनं झटकन स्टॉक खाली ठेवला. “छान केलाय,” म्हणाली, आणि हात धुवायला गेली.

“लाव ना नळी त्याला,” मी म्हटलं. वरच्या पट्टीत. “पडूनच आहे तर.” दुसरं काय म्हणणार होते? लाकडी स्टॉक तडकलेला, माझा यायला महिना, रायफल काय कपाटावर शोभेला ठेवायची? नाही म्हणायला मला एकही सभ्य कारण सापडलं नाही. फार शोधलं.

रविवारी रेंजवर तिनं पहिल्यांदा डाव्या खांद्यावरून मारलं. झापड नाही. आमची नेमबाजीची जाड जॅकेटंसुद्धा उजव्या हाताची, म्हणून ती साध्या स्वेटरवर उभी. मी शेजारच्या लेनवर क्लबची रायफल घेऊन होते, म्हणजे होते म्हणायचं. माझं सगळं लक्ष तिच्या टार्गेटवर. दहा छर्रे झाले आणि कागदाला मधोमध एकच भोक होतं, जरा फाटकं. सर आले. मग बाजूच्या लेनवरची मुलं आली. कुणीतरी मोबाइल काढून त्या कागदाचा फोटो घेतला. “स्टॉक कुठून आणला?” असं चार जणांनी विचारलं. “वहिनीनं बनवून घेतला माझ्यासाठी,” ती म्हणाली.

माझ्यासाठी! सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की अशी भावजय शोधून सापडायची नाही. सर तर म्हणाले, “तुम्ही फार मोठं काम केलंत.” मी बाहेर जाऊन गाडीवर चहा प्यायले, तो इतका गोड होता की अर्धा टाकून दिला. मला तिथे उभं राहून एवढंच वाटत होतं, की उद्यापासून तिचा डोळा खराब व्हावा. फार नाही, थोडासा. चष्मा लागण्याइतका.

महिना तसाच गेला. नळी डाव्या स्टॉकात राहिली. सरांनी तिला कुठून तरी डावं जॅकेट मिळवून दिलं. फळ्यावर तिचं नाव वर चढत गेलं आणि मी क्लबच्या रायफलीनं जे काही मारलं ते लिहायलाही कुणी विचारलं नाही. मग चाचांनी दुसरा स्टॉक केला. या वेळी मी कोपऱ्यात खूण एवढी ठळक काढली होती, की चाचा म्हणाले, “लांबनं दिसतीया.” हा उजवा होता. माझ्या गालावर असा बसला, की मी शेडमध्येच डोळे मिटले.

आता घरात दोन स्टॉक झाले, एकमेकांची हुबेहूब उलटी रूपं, आणि नळी एकच. तिच्याच स्टॉकात. मला फक्त म्हणायचं होतं, ‘काढ, माझ्यात बसव.’ तीन शब्द. रायफल माझी होती, बोनस माझा होता, चूकसुद्धा माझीच होती. पण मी म्हणेना. मला वाटत होतं, तिला आपणहून कळावं. आणि ती म्हणेना, कारण ती कधी काहीच म्हणत नाही.

सासूबाईंनी मात्र मत दिलं. भाजी निवडताना म्हणाल्या, “खेळू दे गं तिला यंदा. उद्या लग्न होऊन जाईल, मग कुठलं आलंय खेळणं.”

मी म्हणायला हवं होतं, आई, मीही लग्न होऊनच आलेय. म्हटलं नाही. मेथीची जुडी मात्र अशी मोडली, की अर्धी कचऱ्यात गेली. रात्री नवऱ्याला विचारलं, तुला काय वाटतं? “तुम्ही दोघी ठरवा,” तो म्हणाला आणि कूस बदलली. पुरुषांचा हा तटस्थपणा म्हणजे निव्वळ झोप असते.

नावं द्यायची वेळ आली तेव्हा एका संध्याकाळी नणंद ड्युटीवरून आली, पर्स खुंटीला लावली, आणि एलन की घेऊन जमिनीवर बसली. माझ्यासमोर तिनं डाव्या स्टॉकचे दोन्ही स्क्रू काढले. नळी उचलली, कापडानं पुसली, आणि माझ्या उजव्या स्टॉकात बसवली. स्क्रू आळीपाळीनं थोडे थोडे आवळले, मीच शिकवलं होतं तसे.

“तुझं नाव दे वहिनी,” ती म्हणाली. “मला त्या दिवशी ड्युटी आहे.”

ती ड्युटी तिनं मागून घेतली होती, हे मला नंतर तिच्या मैत्रिणीकडून कळलं. तेव्हा मी फक्त “बरं” म्हटलं. आभार मानायला जीभ वळेना. कारण मला आनंद झालाच नाही. मला वाटलं, घ्या, हिनं इथेही नंबर लावला. नेमात पहिली, आता चांगुलपणातही पहिली. रायफल मी मागून घेतली असती तर ती निदान माझी झाली असती. आता ती मला दिलेली होती. स्वतःची रायफल भेट मिळाल्यावर माणसानं काय करायचं?

स्पर्धा बालेवाडीला होती. तिथला हॉल थंड, दिवे पांढरे, आणि शेजारच्या लेनवरच्या मुली माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. मी स्टॉक खांद्याला लावला. तो माझ्याकडे आला. मला त्याच्याकडे जावं लागलं नाही. नंतरचं मला नीट आठवत नाही, फक्त एवढं, की मी प्रत्येक छर्रा रागानं भरत होते आणि शांतपणे सोडत होते. ‘दिलेली नाही, माझी आहे’ असं भरताना. सोडताना काहीच नाही. शेवटचा छर्रा सुटला आणि पडद्यावर आकडा आला, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला होता. राज्याच्या यादीत नाव बसलं. सरांनी पाठ थोपटली, मेहनतीचा शब्द काढला नाही.

घरी गेले तर सासूबाईंनी साखर हातावर ठेवली. नवऱ्यानं दोन-तीन ठिकाणी फोन केले. नणंद गॅलरीत कपडे वाळत घालत होती, ड्युटीच्याच कपड्यांत. मी दारात उभी राहिले आणि तिला आकडा सांगितला.

तिनं हातातला टॉवेल झटकला. मग पुन्हा झटकला. म्हणाली, “छान झालं हं.”

आवाज एक पट्टी वर होता.

मी ओळखला. मला तो ओळखता येणार नाही तर कुणाला? मी गॅलरीत गेले आणि मागे दार ओढून घेतलं. ती दोरीकडे तोंड करून उभी होती. टॉवेलला चिमटा लावला, मग तशीच पाठमोरी म्हणाली, “आईशप्पथ वहिनी, आज दिवसभर मी मनात म्हणत होते, हिचं चुकू दे.”

क्वालिटीतलं माणूस मी. विचारलं, “किती?”

“इतकं, की घरी येऊन म्हणशील, पुढच्या वेळी तू जा.”

“मग नळी काढून का दिलीस?”

ती वळली. डोळ्यांत पाणी होतं, पण रडत नव्हती, चिडली होती. “तू मागितली नाहीस म्हणून! मागितली असतीस तर मी भांडले असते. रोज वाट बघत होते, आज मागेल, उद्या मागेल. तू नुसती दारं आपटत होतीस.”

“मग आता भांड,” मी म्हटलं. “रायफल माझी आहे.” हे वाक्य इतके दिवस गिळून बसले होते, ते शेवटी बाहेर आलं, तेही टॉवेल आणि चादरींच्या मधे उभं राहून.

“हो, तुझी आहे,” ती म्हणाली. “पण नेम माझा चांगला आहे.”

आतून सासूबाईंनी विचारलं, काय चाललंय गं. आम्ही दोघी एकदमच म्हणालो, काही नाही. ती माझ्याकडे बघत होती, नजर न वळवता, आणि ‘चालेल की’ म्हणणारी ती मुलगी कुठे दिसत नव्हती. ती खरं बोलत होती. ते मला नेहमीसारखंच झोंबलं. पण समोर नाक लाल करून उभी असलेली ही बाई माझ्याइतकीच जळत होती, आणि लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा मला इथे कुणीतरी आपलं आहे असं वाटलं.